भेकाच्या रक्तात काय दिसतं आणि काय दिसल्यासारखं वाटतं

"मावशी, बेडकाला मलेरिया झालाय!"

भाची दारातून ओरडतच आत आली. मी तांदूळ निवडत बसले होते. तिच्या हातात स्लाइडचा डबा, पायाला सांगलीजवळच्या हरिपूरचा काळा चिखल. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय आणि प्रकल्प घेतलाय भेकांच्या रक्तातल्या परजीवींचा. मी मिरजेला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये ३१ वर्षं टेक्निशियन होते. मलेरियाच्या स्लाइड एवढ्या वाचल्या की डोळे मिटले तरी परजीवींच्या रिंगा दिसायच्या. त्यामुळे घरात 'मलेरिया' हा शब्द निघाला की निवाडा माझ्याकडे.

मायक्रोस्कोपला डोळे लावले. तिनं दाखवलेल्या जागी जांभळ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या सात-आठ गोष्टी एकमेकींना चिकटून बसलेल्या. त्या थ्रॉम्बोसाइट. माणसाच्या रक्तात प्लेटलेट म्हणजे पेशीचा नुसता चुरा, त्याला केंद्रक नसतं. भेकात तेच काम करणारी अख्खी पेशी असते, केंद्रकासकट, विणकराच्या धोट्यासारखी. आणि जमेल तिथे त्या घोळका करतात. मी सगळी स्लाइड भराभर फिरवली आणि सांगून टाकलं, "निगेटिव्ह. जा, पाय धू आधी."

रात्री साडेदहाला ती परत हाक मारायला आली. "मावशी, फक्त ही एक पेशी बघ." बघितली. तांबड्या पेशीत एक फिकट, केळ्यासारखा वाकलेला पट्टा आणि पेशीचं स्वतःचं केंद्रक एका कडेला रेटलेलं. अशा पेशी दुपारी माझ्या डोळ्यांखालून गेल्या होत्या. मी त्यांना घडी पडलेल्या पेशी समजून पुढे सरकले होते. तिला नसलेलं दिसलं आणि मला असलेलं दिसलं नाही. पुढचं सगळं त्या दोन चुका डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय, प्राणिशास्त्राच्या पोरांसाठी आणि माझ्यासारख्या माणसाचं रक्त वाचून तयार झालेल्या लोकांसाठीही.

आधी भेक कुठला ते. आमच्याकडे सगळ्यालाच बेडूक म्हणतात, पण वळवाच्या पहिल्या सरीनंतर अंगणातल्या दिव्याखाली किडे खायला येऊन बसतो, खडबडीत अंगाचा, उड्या कमी आणि खुरडणं जास्त, तो भेक. आपल्याकडचा नेहमीचा भेक म्हणजे डुटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. जुन्या पुस्तकांत बुफो मेलॅनोस्टिक्टस. डोळ्यांभोवती काळे हाडाचे कंगोरे, अंगावरच्या फोडांची टोकंही काळी, आणि डोळ्यामागे फुगीर विषग्रंथी. त्या ग्रंथीतला पांढरा चीक डोळ्यात गेला तर चांगलीच आग होते, म्हणून हात धुतल्याशिवाय डोळे चोळायचे नाहीत. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या बाजूला गेलात तर तिथला एक छोटा भेक आहे, १९६३ मध्ये कोयनेचंच नाव देऊन नोंदलेला, आता झॅन्थोफ्रायनस या प्रजातीत मोडतो. तो सह्याद्रीच्या उत्तर भागाबाहेर जगात कुठे नाही. त्याला शिकाऊ हातांनी शिवायचं नाही, फोटो काढा आणि घरी या.

नेहमीचा भेक गल्लोगल्ली दिसतो म्हणून तो उचलून सुई टोचायची मोकळीक मिळते असं नाही. वन विभागाची परवानगी आणि कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी, दोन्ही कागद हातात आल्यावरच काम सुरू करायचं. भाचीच्या प्रकल्पात रक्त तिचे सर काढतात, ते त्यात शिकलेले आहेत. वरच्या जबड्याजवळच्या शिरेतून बारीक सुईनं एक थेंब, तो कॅपिलरीत, म्हणजे काचेच्या बारीक नळीत घ्यायचा आणि भेक जिथून उचलला तिथेच सोडायचा. धडधाकट जनावराच्या वजनाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त रक्त काढायचं नसतं, म्हणजे ४० ग्रॅमच्या भेकाला जास्तीत जास्त ०.४ मिली. स्मिअरला, म्हणजे काचेवर ओढलेल्या रक्ताच्या पातळ थराला, तेवढंही लागत नाही, दोन थेंब पुष्कळ. जुन्या पद्धतीत भेकाचं बोट कापायचे. ते करू नका. आणि प्रत्येक भेकाला नवे हातमोजे. कायट्रिड नावाची कातडीची बुरशी जगभर बेडकांना मारते आहे, ती सह्याद्रीतल्या बेडकांतही सापडली आहे, आणि एकाकडून दुसऱ्याकडे ती आपल्याच हातांनी न्यायची काही गरज नाही.

इथून पुढे माझं राज्य.

रक्त शक्यतो कॅपिलरीतून सरळ स्लाइडवर. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या जांभळ्या टोपीच्या नळीत टाकायची आपल्याला सवय असते, पण उभयचरांच्या पेशी त्यात फुटू शकतात. साठवायचंच असेल तर हेपॅरिन. मात्र हेपॅरिननं रंगवलेल्या स्लाइडवर निळसर झाक येते, म्हणून स्मिअर आधी, नळी नंतर. थेंब मसुरीच्या डाळीएवढा. त्यापेक्षा मोठा घेतला की शेवटपर्यंत ओढताच येत नाही. दुसरी स्लाइड तिरकी धरून, थेंब कडेला पसरू द्यायचा आणि एका दमात, हलक्या हातानं पुढे न्यायची. हलका हात यासाठी की या पेशी मोठ्या आणि नाजूक आहेत. आंबोळी पसरताना उलथनं दाबलं तर काय होतं, तेच इथे. दाबलेल्या स्मिअरमध्ये निम्म्या पेशी फुटून केंद्रकं उघडी पडतात आणि मग त्या उघड्या केंद्रकांना पोरं परजीवी म्हणतात.

जाड स्मिअर करू नका. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण मलेरियावाल्यांचा हात आपोआप तिकडे जातो. माणसाच्या तांबड्या पेशीला केंद्रक नाही, म्हणून जाड थेंबातलं हिमोग्लोबिन पाण्यानं धुऊन काढलं की परजीवी तेवढे उरतात. भेकाच्या प्रत्येक तांबड्या पेशीत केंद्रक असतं. हिमोग्लोबिन धुतलंत तरी हजारो जांभळी केंद्रकं एकमेकांवर चढून बसलेली राहतात आणि त्यात हत्ती असला तरी सापडायचा नाही.

स्मिअर झाला की लगेच वाळवायचा. सांगलीच्या जुलैत हेच सगळ्यात कठीण. हवेत एवढा दमटपणा असतो की थेंब सावकाश वाळतो, पेशी आक्रसतात, कडा दातेरी होतात, केंद्रकाभोवती खोटी पोकळी दिसते. टेबल फॅनसमोर धरा किंवा केस वाळवायच्या यंत्राची गार हवा द्या. गरम नको. वाळल्यावर त्याच दिवशी मिथेनॉलमध्ये दोन-तीन मिनिटं बुडवून पक्कं करा. "उद्या करू" म्हणून भाचीनं एकदा १२ स्लाइड खिडकीत ठेवल्या. सकाळी त्यातल्या पाचांवर मुंग्यांनी रक्ताचे रस्ते कोरून खाल्लेले. माश्या आणि झुरळंही खातात. राहिलेल्या सातांची तिसरीच कथा: तिनं नंबर मार्करनं घातले होते, ते मिथेनॉलमध्ये विरघळून गेले. सात स्वच्छ स्लाइड, कुठला भेक कुठली कुणास ठाऊक. नंबर घालायचा तो शिसपेन्सिलनं, स्लाइडच्या खरखरीत टोकावर, नाहीतर डायमंड पेन्सिलनं काचेवर कोरून.

मिथेनॉलची बाटली पावसाळ्यात उघडी ठेवली की ते हवेतलं पाणी ओढतं. असल्या मिथेनॉलनं पक्क्या केलेल्या पेशींत चमकणारे, किडीनं खाल्ल्यासारखे बुडबुडे दिसतात. फोकस खालीवर केला की ते लखलखतात. परजीवी कधी लखलखत नाही. लहान बाटली घ्या, बूच घट्ट लावा.

रंग जिम्साचा. लिशमननंही चालतं, मी आयुष्यभर तेच वापरलं, पण या कामाला जिम्सा जास्त स्वच्छ उठतो. एक भाग रंग, नऊ भाग बफर (पीएच कायम ठेवणारं द्रावण), बफर ७.२ पीएचचा, अर्धा तास. बोअरचं पाणी वापरू नका. आमच्या भागातल्या जड पाण्यानं सगळी स्लाइड निळीभोर होते आणि केंद्रकाचा लालसर जांभळा रंग हरवतो, नेमका तोच तर आपल्याला हवा असतो. रंगाची बाटली हलवायची नाही, तळाचा गाळ तळालाच राहू दे. स्लाइड उभ्या बरणीत ठेवा, आडवी ठेवून वर रंग ओतला की दाणे बसतात. धुताना आधी रंग ओतून टाकू नका. पाण्याची बारीक धार सोडून वरची चकाकणारी साय वाहून जाऊ द्या, मग स्लाइड काढा. साय स्लाइडवर बसली की तुमच्या नशिबी रात्रभर खोटे परजीवी.

प्रत्येक खेपेला मी माझ्या बोटाच्या रक्ताचीही एक स्लाइड त्याच बरणीत घालते. त्याचा उपयोग दोन प्रकारे होतो. माझ्या पांढऱ्या पेशी ओळखीच्या रंगाच्या आल्या म्हणजे रंग बरोबर बसला. शिवाय माप मिळतं. माणसाची तांबडी पेशी साधारण साडेसात मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). भेकाची अंडाकृती, सुमारे २० मायक्रॉन लांब, १३-१४ रुंद. आधी माझी स्लाइड आणि लगेच भेकाची पाहिली की चुरमुऱ्यांच्या पोत्यातून एकदम लिंबांच्या टोपलीत आल्यासारखं वाटतं. आयपीसमध्ये, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगात, मोजपट्टी असेल तर उत्तमच, पण ती स्टेज मायक्रोमीटरशी, म्हणजे ठरलेल्या मापाच्या रेघा कोरलेल्या स्लाइडशी, जुळवून घ्या, नाहीतर तिचे आकडे नुसतेच आकडे.

आता लगेच परजीवी शोधायला जाऊ नका. पहिले दोन दिवस फक्त निरोगी रक्त बघा. तांबड्या पेशीचं केंद्रकही अंडाकृती, गडद, आणि बरोबर मधोमध. ही 'मधोमध' गोष्ट मनात पक्की बसली पाहिजे. कोवळ्या तांबड्या पेशी जास्त गोल आणि निळसर असतात, त्यांचं केंद्रक मोठं. भेकात त्या रक्तातच फिरताना आणि कधी विभागतानाही दिसतात. विभागणाऱ्या पेशीतल्या गुणसूत्रांचा गुंता पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास काहीतरी भयंकर वाटतो. पांढऱ्या पेशी आपल्यासारख्याच पाच जातींच्या, पण त्यातल्या बेसोफिल बऱ्यापैकी भेटतात, त्यांचे जांभळे दाणे बघून घाबरू नका. एखाद्या मोठ्या पांढऱ्या पेशीच्या पोटात काळे-तपकिरी दाणे दिसतील. मलेरियावाला लगेच म्हणेल, पिगमेंट! तो मेलॅनिन आहे, भेकाचंच काळं रंगद्रव्य. यकृतातल्या काळ्या दाण्यांच्या पेशी भेकाजवळ भरपूर असतात, त्यातलं काही रक्तात येतं. भेकातले नेहमीचे रक्तपरजीवी मलेरियासारखा रंगकण बनवत नाहीत. रोनाल्ड रॉसनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी ओळखला तो त्या काळ्या दाण्यांवरूनच, आणि तेव्हापासून आम्ही सगळे दाणे शोधतो. ती सवय इथे दारातच काढून ठेवायची.

त्याऐवजी एकच प्रश्न विचारत स्लाइड फिरवायची: तांबड्या पेशीचं केंद्रक आपल्या जागेवर आहे का? पाहुणा येऊन पलंगावर आडवा झाला की घरमालक भिंतीकडेला सरकतो, तसं हे. केंद्रक कडेला गेलेलं, दबलेलं किंवा लांबट झालेलं दिसलं की थांबा. त्यानं जागा का सोडली ते बघा.

दहा पैकी आठ वेळा पाहुणा असतो हिपॅटोझून. माझ्या अनुभवात तरी. लांबट, सॉसेजसारखा किंवा थोडा वाकलेला, बहुतेक एका पेशीत एकच, तांबड्या पेशीच्या लांबीचा अर्धा ते जवळजवळ पूर्ण. त्याचं अंग फिकट निळं, कधी इतकं फिकट की तिथे पेशीला भोक पडल्यासारखं वाटतं. भोवती बारीक पांढरी रेघ. आणि मुख्य म्हणजे त्याचं स्वतःचं वेगळं केंद्रक, लालसर जांभळं, पट्ट्यासारखं किंवा दाणेदार. म्हणजे पेशीत दोन केंद्रकं मोजता आली पाहिजेत, एक घरमालकाचं, एक पाहुण्याचं. मी चुकले ती इथे. घडी पडलेल्या पेशीतही फिकट पट्टा दिसतो, पण घडीला केंद्रक नसतं आणि फोकस हलवला की घडीची कड वर उचललेली दिसते. त्या दुपारी मी फोकसची चकती हलवलीच नव्हती. काही ठिकाणी हिपॅटोझूनचं एक टोक शेपटीसारखं दुमडून अंगाला चिकटलेलं असतं. कधी परजीवी पेशीतून बाहेर पडून प्लाझ्मात एकटाच सापडतो, ओढताना पेशी फुटल्यामुळे.

हिपॅटोझून हे नाव यकृतावरून पडलं; तो वाढतो तिथे, रक्तात दिसतात त्या त्याच्या नर-मादी अवस्था, डास रक्त प्यायला येईल याची वाट बघत बसलेल्या. डासाच्या पोटात पुढचा प्रवास. डास चावून नव्हे, तर बहुधा डास गिळला गेला की तो पुढच्या जनावरात जातो. भाचीला हे फार आवडलं. तिनं वहीच्या मागच्या पानावर दिव्याखाली जीभ काढून बसलेला भेक काढलाय. जुन्या पुस्तकांत याच चेहऱ्याला हिमोग्रेगॅरिना म्हटलेलं दिसेल. नुसत्या रक्तातल्या अवस्थेवरून ही दोन नावं वेगळी करता येत नाहीत, बेडूक-भेकांतले बरेच जुने हिमोग्रेगॅरिना आता हिपॅटोझूनमध्ये हलवले आहेत. माणसाला यापासून धोका नाही.

लँकेस्टरेला याच्या गल्लीतलाच वाटतो, पण सडपातळ. शेवयाच्या तुकड्यासारखा, दोन्ही टोकं निमुळती, केंद्रकाच्या दोन बाजूंना दोन न रंगलेले गोल ठिपके. पेशीचं केंद्रक तो फारसं हलवत नाही आणि एका पेशीत दोन-दोनही राहतात. हिपॅटोझूनचं बारकं पोर म्हणून याला सोडून देणं सोपं आहे. ते दोन रिकामे ठिपके मुद्दाम शोधा.

डॅक्टायलोसोमा हाताच्या पंजासारखा. नावातच बोट आहे, ग्रीक भाषेतलं. लहान असताना तांबड्या पेशीच्या एका टोकाला फेसाळलेला गोळा, मोठा झाला की विभागून पंख्यासारखा पसरतो, बोटं एकीकडून फुटलेली. त्याचा चुलतभाऊ बॅबेसिओसोमा चारच पिल्लं करतो, चौफुलीसारखी मांडलेली. पंजा आणि चौफुली, एवढं लक्षात ठेवलं तरी पहिली वाटणी होते. दोघंही आकारानं लहान, आणि विभागणी न झालेले कोवळे गोळे दिसले तर नाव देण्याची घाई करू नका, आणखी ५० फिल्ड (लेन्सखाली एका वेळी दिसणारा भाग) फिरा, कुठेतरी एक पंजा उघडलेला सापडतो.

आता ज्याच्यासाठी मी पुन्हा तरुण होऊन मायक्रोस्कोपला बसले तो. ट्रिपॅनोसोमा. हा पेशीच्या आत नसतो, पेशींच्या मधून पोहतो. आणि त्याला जिवंत बघायचं असेल तर रंग विसरा. ताजा थेंब, वर कव्हरस्लिप, कडांना व्हॅसलीन, प्रकाश कमी, चाळीसची लेन्स. काही दिसत नाही, काही दिसत नाही, आणि मग एका कोपऱ्यात तांबड्या पेशी गर्दीत कुणी कोपर मारत चालल्यासारख्या हलायला लागतात. त्या हलणाऱ्या पेशींच्या मागे लागा. अंगाच्या कडेनं एक पातळ झालर लाटेसारखी फडफडत असते आणि प्राणी स्वतःभोवती वळत राहतो. भाची म्हणाली, "अगं, हा तर वाळकं पान वाऱ्यावर फिरतंय तसा." बरोबर, बेडकांतले बरेचसे पानासारखे रुंद असतात, काही मात्र बारीक, सापासारखे. एकाच भेकात दोन्ही थाट दिसू शकतात आणि एकच जात वयानुसार रूप बदलते, म्हणून आकारावरून जातीचं नाव देणं म्हणजे बारशाआधी लग्नपत्रिका छापणं.

१८४३ मध्ये पॅरिसमध्ये ग्रुबी नावाच्या डॉक्टरनं बेडकाच्या रक्तात हा प्राणी पाहिला आणि त्याच्या पिळदार चालीवरून ट्रिपॅनोसोमा नाव ठेवलं, म्हणजे ग्रीक भाषेत गिरमिट. सुताराचं गिरमिट, हुबळीचं खायचं नव्हे. आपल्याकडे घोड्यांना आणि उंटांना होणाऱ्या सर्रा रोगाचा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सनी पंजाबात शोधला तो १८८० मध्ये. म्हणजे सगळ्या घराण्याचं नाव बेडकावरून पडलेलं, जनावरांची आणि माणसांची भावंडं नंतर सापडली.

रंगवलेल्या स्लाइडवर हे मोजकेच असतात. स्मिअरच्या शेपटीला आणि दोन्ही कडांना आधी पाहा, मोठ्या वस्तू ओढताना तिकडे लोटल्या जातात. दहाच्या लेन्सखालीसुद्धा निळा ठिपका म्हणून नजरेत भरतात. शंभरच्या लेन्सखाली तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: केंद्रक, कायनेटोप्लास्ट नावाचा वेगळा गडद ठिपका, आणि झालरीच्या कडेनं जाणारा धागा. तिन्ही नसतील तर फाटलेली पांढरी पेशी असू शकते. हिमॅटोक्रिटची कॅपिलरी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पांढऱ्या थरालगतचा भाग तसाच लेन्सखाली धरला तर थेंबात न सापडलेलेही सापडतात. हा परजीवी पाण्यातल्या जळवांकडून येतो आणि रक्त पिणाऱ्या माश्यांकडूनही, म्हणून भेक कुठल्या पाण्यात विणीला जमले होते आणि तिथे जळवा होत्या का, ते वहीत लिहा. हरिपूरला पडक्या हळदीच्या पेवांत पाणी साठतं, तिथले भेक आणि नदीकाठचे भेक भाची वेगळे नोंदते ते यासाठी.

मायक्रोफायलेरिया चुकणं कठीण. जंताचं पिल्लूच ते, पेशींच्या कित्येक पट लांब, ताज्या थेंबात गांडुळाला मीठ लागल्यासारखं तडफडतं. रंगवल्यावर आत केंद्रकांची माळ दिसते. अंगावर खोळ आहे का, आणि शेपटीच्या टोकापर्यंत केंद्रकं जातात का, एवढं लिहा. दक्षिण अमेरिकेतल्या केन टोडची छान छान चित्रं सगळीकडे मिळतात, त्याच्यातले फायलेरिया वेगळे. तो भेक १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियात उसातले भुंगे खायला नेला आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या चित्राशी आपली स्लाइड जुळवून नाव लिहायचं नाही.

काही पाहुणे परजीवी प्राणी नसतात. पेशीत गोल रिकामी खळी आणि तिच्यात बारीक दांड्या, हे जिवाणू असू शकतात. पेशी गोल झालेली, केंद्रक सरकलेलं आणि शेजारी धारदार कडांचा स्फटिकासारखा तुकडा, हे विषाणूचं काम असू शकतं. अशांची मी नुसती चित्रं काढून ठेवते आणि स्लाइड सरांकडे पाठवते.

खोट्यांची यादी लांब आहे, पण त्यांना पकडायची युक्ती साधी. संशय आला की फोकस खालीवर करा. रंगाचा दाणा पेशीच्या वरच्या पातळीवर बसलेला असतो, पेशी धूसर झाल्यावर तो स्पष्ट होतो. मग जिथे रक्तच नाही अशा कोऱ्या काचेवर जा. तेच दाणे तिथेही असतील तर प्रश्न मिटला. जुन्या बफरमध्ये यीस्ट वाढतं, ते गोल गोल, कधी कोंब फुटलेलं, आणि नेहमी पेशीच्या बाहेरही सापडतं. माझ्या मैत्रिणीनं एकदा बेडकाच्या कातडीवरचे जिवाणू रक्तातले म्हणून नोंदले होते. सुई टोचायच्या आधी जागा पुसून कोरडी केली नाही की असंच होतं.

मोजणीला शिस्त लागते. एकेरी थराच्या भागातच मोजा, जिथे पेशी एकमेकींना टेकतात पण चढत नाहीत. माझ्या मायक्रोस्कोपच्या शंभरच्या लेन्सखाली तिथे एका फिल्डमध्ये साठ-सत्तर पेशी बसतात. तुम्ही तुमच्या पाच फिल्ड मोजून सरासरी काढा. १०,००० पेशी व्हायला मला दीडशेच्या आसपास फिल्ड लागतात, निवांत पाऊण तास. आडव्या-उभ्या चालीनं जायचं, नांगरटीसारखं, तोच भाग दुसऱ्यांदा येऊ द्यायचा नाही. स्लाइडवरचा नंबर झाकून मोजा. नदीकाठच्या भेकात जास्त सापडणार असं मनात धरून बसलं की डोळेही तिकडेच वळतात, हे मी स्वतःवरून सांगते. मोजताना भडंग खायचं नाही. हसू नका, ऑइलच्या लेन्सवर तिखटाचा कण गेला तर पुढचा आठवडा नवा परजीवी शोधल्याच्या आनंदात जातो.

नाव लिहिताना हात आखडता. स्लाइडवरून फार तर 'हिपॅटोझून प्रजाती' एवढंच. पुढची जात ठरवायला डीएनए लागतो, बहुतेक वेळा १८एस जनुक, त्यासाठी त्याच कॅपिलरीतला उरलेला थेंब फिल्टर पेपरवर किंवा अल्कोहोलमध्ये ठेवायचा आणि त्यालाही तोच नंबर घालायचा. रंगवलेल्या स्लाइडवरचं तेल काढून, बुरशी धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डब्यात ठेवा. सापडलेल्या पेशीची जागा सांगणारे मायक्रोस्कोपच्या स्टेजवरचे दोन आकडे लिहून ठेवा, नाहीतर सरांना दाखवायच्या दिवशी ती सापडत नाही म्हणजे नाहीच.

भाचीनं त्या पहिल्या स्लाइडची नोंद नंतर नव्यानं लिहिली. 'मलेरिया' खोडलंय, पण वाचता येईल असं. खाली: भेक क्र. ७, नर, गळा पिवळा, हरिपूर, पेवाजवळ. हिपॅटोझून प्रजाती, १०,००० पेशींत ११. आणि त्याखाली, मी बघू नये म्हणून बारीक अक्षरात: पहिलं वाचन (मावशी): ०.